पाऊण पोतं

आमच्या टोळीच्या मुकादमाला सारी गोदी ठासूमामा म्हणायची. हे नाव त्याच्या आईबापांनी ठेवलं नव्हतं, त्याच्या तोंडाने ठेवलं होतं. सकाळी धक्क्यावर पाय ठेवल्यापासून सुटीचा भोंगा होईपर्यंत त्याचं एकच चालायचं, "ठासून भरा रे! ठासून!"

पोतं कसं असावं याबद्दल मामाची मतं पक्की होती. उभं केलं की ते उभं राहिलं पाहिजे. बोट दाबलं तर बोट परत आलं पाहिजे. थप्पीत घातलं तर खालच्या पोत्याने वरच्या सगळ्यांचा भार घेऊन हूं की चूं करता कामा नये. ढिल्या पोत्याला तो 'रडकं' म्हणायचा. थप्पीत एखादं रडकं सापडलं की अख्खी थप्पी उतरवून परत लावायला लावायचा, मग भोंगा झालेला असो की नसो. आम्ही त्याला शिव्या घालायचो. पण आमची थप्पी कधी कोसळली नाही आणि थप्पीखाली आमचा माणूस कधी सापडला नाही. शेजारच्या टोळ्यांना हे छाती ठोकून सांगता आलं नसतं.

'मामा' हे त्याच्या बहिणीमुळे झालं. गोदीला लागून वाळूची लांबलचक पुळण होती आणि पुळणीच्या टोकाचं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळे ताई म्हणायचे. बाप गेला तेव्हा मामा एवढासा होता. ताईने ताडपत्र्या शिवून त्याला वाढवला. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, मुलं मोठी झाली, तरी तिचं मशीन थांबलं नाही. एकेक भिंत करत तिने ते घर उभं केलं. दुपारी आमची टोळी तिच्या ओट्यावर डबे उघडायची. तिची मुलं त्याला मामा म्हणायची, ते ऐकून आम्हीही म्हणायला लागलो. मुलं पुढे लांब गेली. मामा आमच्याकडेच राहिला.

मग गोदीत लोखंडी पेट्या आल्या. घराएवढ्या. क्रेन त्या उचलणार, क्रेनच ठेवणार. पोती संपली आणि पोत्यांबरोबर आमच्या टोळ्याही. मामा घरी बसला, म्हणजे ताईच्या ओट्यावर बसला. तिथे बसून तो तिच्या उशा तपासायचा. "ताई, ही उशी रडकी आहे."

"मग तू दगडावर डोकं ठेवून झोप," ताई म्हणायची. "तुझं डोकं नि दगड, कुणालाच फरक कळायचा नाही."

गोदीचं तोंड मोठ्या जहाजांसाठी लांबवलं, तेव्हापासून समुद्र पुळण खायला लागला. पूर्वी प्रवाहाबरोबर येणारी वाळू आता गोदीच्या भिंतीपाशीच अडायची. पुळणीवर नवी येईना, जुनी मात्र जात राहिली. ताईच्या ओट्यावरून खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या. त्यांच्यापुढे एके काळी आम्ही धावून दमावं एवढी वाळू होती. दर वादळी मोसमात पायऱ्यांच्या बुडाची थोडी वाळू जायची. शेवटी सगळ्यांत खालची पायरी अधांतरी लटकायला लागली. खाली उतरायचं तर उडी मारावी लागे. ताई त्या वयातही मारायची.

एके दिवशी सरकारी कचेरीतून रंगारी आला. त्याने तिच्या दारावर लाल फुली मारली.

"हे काय?" ताईने विचारलं.

"खूण, ताई. पुढच्या वादळी महिन्यांत पाणी घराच्या पायाला लागलं, तर घर रिकामं करायचं. मग पाडणार. मला नुसती फुली मारायला सांगितलंय."

"ब्रश तुझा का?"

"कचेरीचा."

"मग कचेरीला सांग, फुली ओघळलीय. काम करायचं तर नीट करावं."

तो गेल्यावर ताई आत गेली आणि मशीनवर बसली. मशीन चालू झालं नाही. मामा ओट्यावर होता. त्याने मला नंतर सांगितलं, "मशीन बंद ठेवून ताई बसलीय असं मी जन्मात पाहिलं नव्हतं."

पुळण वाचवायच्या कामावर नेमलेल्या एक इंजिनियर बाई त्यानंतर आल्या. वयाने लहान, बोलायला सरळ. त्या मामाला शोधत आल्या नव्हत्या, ताईला शोधत आल्या होत्या. त्यांना पोती शिवून हवी होती. एकेक पोतं दोन खाटांएवढं, न कुजणाऱ्या जाड कापडाचं.

"यात काय भरणार?" मामाने ओट्यावरूनच विचारलं. पोत्याचं नाव निघालं होतं.

"वाळू," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दगडाचा बांध घालायची वस्तीची ऐपत नव्हती, कचेरीची तयारी नव्हती. पण गोदीच्या वाटेतला गाळ उपसताना निघणारी चांगली वाळू बोटी लांब नेऊन समुद्रात फेकत होत्या. तीच पोत्यांत भरायची. किनाऱ्यापासून आत, ओहोटीला छातीभर पाणी राहतं तिथे, पोत्यांची एक बुटकी रांग पाण्याखाली घालायची. मधे मधे होड्यांना जायला फटी ठेवायच्या.

"एवढ्याने समुद्र अडणार?"

"अडवायचा नाही, मामा. दमवायचा." बाईंनी एवढ्यात त्याला मामा केलं होतं. "लाट तिथे एकदा फुटली की पुढे दमून येते. दमलेला माणूस काय करतो? हातातलं ओझं खाली ठेवतो. लाटेच्या हातात वाळू असते."

हे वाक्य मामाने त्याच संध्याकाळी आम्हा सगळ्यांना, जणू स्वतःचंच असल्यासारखं, ऐकवलं. जुनी टोळी गोळा झाली. सगळ्यांचे केस पांढरे, कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची कंबर. आमच्यातला एक जण मात्र जसा होता तसाच होता. त्याला आम्ही उद्याशेठ म्हणायचो, कारण कुठलंही काम सांगितलं की तो "उद्या करू" म्हणायचा. तीस-चाळीस वर्षं हमाली करूनही ज्याची पाठ दुखत नाही असा गोदीतला तो एकटा.

"याला घ्यायचा का?" मी विचारलं.

"घे," मामा म्हणाला. "दोरी धरेल."

गोदीत एक जुना पडाव गंजत पडला होता, सपाट तळाची मालवाहू होडी. तिच्यावर छोटी क्रेन होती. ती चालू करून मिळाली. पडावावर पोतं पसरायचं, वाळू खोऱ्याने आत ओढायची, तोंड दाभणाने शिवायचं, साखळीने उचलून खाली सोडायचं. पहिल्या दिवशी बाई पडावावर आल्या, एक पोतं भरून दाखवलं आणि हात आडवा धरून म्हणाल्या, "इथपर्यंत. पाऊण. त्याच्या वर नाही."

"बरं, बाई," मामा म्हणाला.

मग बाईंना बोट लागली. त्यांना होडीत बसवून किनाऱ्याकडे पाठवलं. होडी लांब गेली तसा मामा टोळीकडे वळला.

"पाऊण? पाऊण पोतं भरायला आपण काय पाऊण माणसं आहोत?"

सगळे हसले. मामाने एक जुनी धुमस कुठूनतरी आणली होती, जमीन ठोकायची. त्याने ती वाळूत मारली. "ठासून भरा रे!"

त्या आरोळीने काय झालं ते लिहून सांगणं कठीण आहे. पेट्या आल्यापासून ती ऐकली नव्हती. माझा गुडघा दुखायचा थांबला असं म्हणणार नाही, पण दुखतोय याची मला लाज वाटली. आम्ही पोत्यात उतरून वाळू पायांनी तुडवायचो, ओली करून परत तुडवायचो, कडेने धुमस मारायचो. ताईची शिवण कुठे उसवली नाही, ही तिची करामत. पोतं असं फुगायचं की त्यावर थाप मारली तर लाकडासारखा आवाज यायचा. तोंड शिवायला प्रत्येकाची सुतळी वेगळ्या रंगाची. हा मामाचा गोदीतला जुना नियम. कुणाचं तोंड उसवलं ते कळलं पाहिजे, म्हणजे कामचुकाराला धरता येतं. उद्याशेठला पिवळी दिली होती, लांबून दिसावी म्हणून. तो पडावाच्या मागच्या टोकाला बसायचा आणि मामाचं बोट लागायच्या आत पोतं साखळीला लावून मोकळा व्हायचा.

बाई अधूनमधून यायच्या. त्या आल्या की आम्ही त्यांच्यासमोर पोतं पाऊण भरायचो. त्या गेल्या की ठासून. कमी काम करून साहेबाला फसवणारे जगात पुष्कळ. जास्त काम करून फसवणारी आमचीच टोळी पहिली असावी.

रांग पुरी झाली. पाण्यावर एक पांढरी रेघ दिसायला लागली, लाट तिथे फुटायची. मामा ओट्यावर पाय सोडून बसला. "थप्पी आहे ती," तो ताईला म्हणाला. "तिला हलवणारा अजून जन्माला यायचाय."

वादळी महिने अजून लांब होते. पण मधेच एका उधाणाच्या भरतीला वारा जुळून आला. दोन दिवस समुद्र नुसता धुमसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुळणीवर आलो तर पांढरी रेघ गायब. आणि ताईच्या लटकत्या पायरीखाली एक पोतं येऊन पडलं होतं. गच्च, गोल, भोपळ्यासारखं. शिवण जशीच्या तशी, मामाची हिरवी सुतळी.

ताई वरून बघत होती. "धाकट्या," ती म्हणाली, "तुझं पोतं तुला शोधत आलंय."

कुणी हसलं नाही. तीही हसली नाही. मामाने पोत्याला बोट दाबलं. बोट परत आलं. पोत्यात काही खोट नव्हती, हेच वाईट होतं.

ओहोटी लागली तसा तो पाण्यात उतरला. आम्हीही मागून गेलो. तो पायांनी चाचपत होता. गोदीत अनवाणी काम केलेल्या माणसाचे पाय हातांसारखे असतात, पोतं कुठलं, भरलं कसं, शिवलं कुणी, सगळं कळतं त्यांना. जिथे रांग होती तिथे वाळूच होती. पोती किनाऱ्याच्या बाजूला लोळत गेली होती, कुठेही, कशीही. हिरव्या सुतळीची, लाल सुतळीची, माझी निळी.

मग मामा थांबला. बुडी मारली. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं त्याला काही चावलं.

"पिवळी," तो म्हणाला.

उद्याशेठची पोती जागेवर होती. सगळी नव्हती, पण होती ती अशी बसली होती की जणू त्यांनी तळाला मिठीच मारलीय. एकमेकांवर सांडलेली, एकाचं पोट दुसऱ्याच्या खळगीत शिरलेलं, मधे बोट घालायला फट नाही. त्यांच्याच शेजारी काही पिवळ्या सुतळीची पोती फाटून चिंध्या झालेली, आतली वाळू गेलेली.

उद्याशेठला किनाऱ्यावर बोलावलं. तो घाबरला होता. मामा त्याच्यासमोर ओल्या कपड्यांनी उभा राहिला.

"खरं सांग. तू पोतं किती भरायचास?"

"मामा, ते असं..."

"अरे मारत नाही. सांग."

"जेवणाआधी पाऊण व्हायचं. जेवणानंतर..." त्याने मान खाली घातली. "जेवणानंतर डोळा लागायचा. अर्धंच व्हायचं."

टिकली ती जेवणाआधीची. फाटली ती जेवणानंतरची. अर्ध्या पोत्यात वाळू इकडून तिकडे हिंदकळत राहते आणि कापड स्वतःला घासून फाडतं. ठासलेलं पोतं गोल होतं आणि गोल वस्तू लोळते. मधलं जे पाऊण, तेच बसतं. बाईंनी पहिल्या दिवशी हात आडवा धरून हेच सांगितलं होतं. आमच्यासाठी ते पालथ्या घड्यावर पाणी झालं.

त्याच दुपारी मामा बाईंच्या कचेरीत गेला. मी बरोबर होतो. लांबट खोली, एका भिंतीला किनाऱ्याचे नकाशे, टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा. बाईंचे डोळे तांबारले होते. त्यांच्यासमोर कागद पसरले होते, सगळे आकड्यांनी भरलेले.

मामा बसला नाही. "बाई," तो म्हणाला, "पाऊण."

"काय पाऊण?"

"तुम्ही पाऊण म्हणालात. आम्ही पूर्ण भरली. तुम्ही असताना पाऊण, तुम्ही गेलात की गच्च. दरवेळी."

मला वाटलं आता बाई बोलतील, आणि बोलल्या असत्या तर आमची तक्रार नव्हती. पण त्यांनी समोरचे कागद गोळा केले, सरळ केले, उलटे करून ठेवले.

"मला वाटलं माझंच गणित चुकलं," त्या म्हणाल्या. "परत परत करून बघितलं. सापडेना कुठे चुकलंय. तुमच्या ताईंना काय सांगायचं ते ठरवत होते मी." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "जास्त भरली? फुकटचं जास्त काम केलंत?"

"सवय," मामा म्हणाला.

बाईंना हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. त्यांनी ओढणीने डोळे पुसले आणि एकदम कोरडा चेहरा केला. "मामा, आता मी पाऊण म्हणाले की?"

"पाऊण."

"आणि मी नसताना?"

"तेव्हापण पाऊण. माझ्या बहिणीची शपथ."

"शपथ नको. बहिणीचं घर आहे तेच पुरे."

आता वेळ थोडा होता. वादळी महिन्यांच्या आत रांग परत घालायची. नवं कापड पुरेसं नव्हतं. म्हणजे लोळलेली पोती समुद्रातून काढायची, तोंडं उसवायची, जास्तीची वाळू काढायची, परत शिवायची. ओहोटीच्या वेळातच हे करता येत होतं. चार जण छातीभर पाण्यात उभे राहून पोत्याखालून साखळी घालायचे. पाण्यात साखळी हाताला कापते. वर क्रेन करकरायची. पोतं वर आलं की हलकं वाटायचं नाही, ओली वाळू कोरडीपेक्षा जड असते हे आम्ही विसरलो होतो.

लोकांना वाटतं पाऊण भरायचं म्हणजे सोपं. ज्याने ओझं उचललेलं नाही त्याचं हे बोलणं. भरलेलं पोतं पाठीवर बसतं, अर्धवट पोतं पाठीवरून निसटतं. साखळीला ठासलेलं पोतं ओंडक्यासारखं सरळ लटकतं. ढिलं पोतं मधे वाकतं, दोन्ही टोकं खाली येतात आणि सगळं साखळीतून सुटून पाण्यात पडतं. पहिली तीन अशीच पडली. आणि वाळू नुसती पाऊण टाकून भागत नाही, आत सारखी पसरावी लागते. एका कोपऱ्यात ढीग राहिला की पोतं तिकडे कलतं. आम्ही आडवे पडून फळीने वाळू सारखी करायचो. तुडवणं सोपं होतं. पसरणं कठीण.

ताईने दोन गोष्टी केल्या. पोत्याच्या बाजूंना पट्ट्यांचे चार चार कान शिवले, म्हणजे साखळी पोटाखालून न घालता कानांत अडकवता यावी. पोतं मग पाळण्यातल्या मुलासारखं आडवं उतरायचं. आणि प्रत्येक पोत्याच्या आत, पाऊण उंचीवर, तांबड्या दोऱ्याची एक जाड शिवण मारली.

ती स्वतः पडावावर आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. सगळ्यांना पोतं उघडून दाखवलं.

"ही रेघ दिसते? याच्या वर एक खोरं गेलं तर गाठ माझ्याशी आहे. धाकट्या, तुला सांगतेय."

"कळलं."

"काय कळलं?"

"रेघेच्या वर नाही."

"आणि तुझी ती धुमस कुठाय?"

मामाने पडावाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. ताई गेली, दोन्ही हातांनी धुमस उचलली. ती जड असते. आम्ही पुढे झालो तर तिने डोळ्यांनीच थांबवलं. कठड्यापर्यंत नेली आणि समुद्रात सोडली. पाणी उडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पोतं पसरलं. आम्ही खोरी घेऊन उभे. मामाची आरोळी ऐकल्याशिवाय आमच्यातला एकही हात हलत नसे, इतकी वर्षांची सवय. मामाने तोंड उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"पसरा रे," तो म्हणाला. आवाज बसका आला. मग त्याने घसा साफ केला आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला, "पसरून भरा रे! पसरून!"

उद्याशेठला पोती तपासायला बसवलं. त्याचा हात पाऊणवर आपोआप थांबतो म्हणून. टोळीने एकच अट घातली, जेवल्यावर त्याला पोत्याला हात लावू द्यायचा नाही. त्यानेही काय करावं? तो जेवण उशिरा घ्यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची पाठ दुखली आणि तो ते प्रत्येकाला सांगत सुटला.

शेवटचं पोतं घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं.

वादळी महिन्यांत ताईने घर सोडलं नाही. मामा तिच्याकडे राहायला गेला. शेजारची माणसं वस्तीत वर, नातलगांकडे गेली होती. पहिलं मोठं उधाण दिवसाउजेडी आलं. आम्ही सगळे जाऊन ताईच्या ओट्यावर उभे राहिलो. कुणी बोलावलं नव्हतं. बाईही आल्या, केस वाऱ्याने उडालेले.

लाट लांबून दिसायची. काळी, भिंतीसारखी. ती रांगेवर यायची आणि तिथे तिचं डोकं फुटायचं, पांढरं पांढरं. मागची लाट यायची, तीही तिथेच. आमच्यापर्यंत पोहोचायचा तो नुसता फेस. लटकत्या पायरीला लागायचा आणि परत जायचा. फटींतून पाणी जोराने आत यायचं, पण आत आलं की पसरायचं आणि गप्प व्हायचं.

"दमली," मामा म्हणाला. प्रत्येक लाटेला म्हणायचा. "ही पण दमली. ही बघा, ही पण."

"ऐकू येतंय आम्हाला," ताई म्हणाली. पण तिचा एक हात दाराच्या चौकटीवर होता, लाल फुलीच्या शेजारी. तो तिने संध्याकाळी पाणी उतरेपर्यंत काढला नाही.

त्या मोसमात अशी बरीच उधाणं आली. पांढरी रेघ रोज जागेवर असायची. मोसम संपता संपता ओहोटीला मामा पाण्यात उतरला. पायांनी सगळी रांग चालून आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर आला तेव्हा त्याच्या पायांना कालवं लागून रक्त येत होतं.

"बसलीत," तो म्हणाला. "एकमेकांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीत. कालवंही धरायला लागलीत. आता ती उठायची नाहीत."

आणि वाळू यायला लागली. आधी किनाऱ्यापासून रांगेकडे एक जीभ निघाली, तांबूस, ओहोटीला दिसणारी. मग ती रुंद होत गेली. बाई आल्या की काठीने मोजायच्या आणि तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण चालताना उड्या मारल्यासारखं चालायच्या. लटकत्या पायरीखाली वाळू भरली. पायरी टेकली. मग ती पायरीच बुडाली, वाळूत. तिच्या वरची अर्धी गेली.

एके सकाळी मी गेलो तर ताई खराटा घेऊन ओट्यावर उभी, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"झाडून झाडून कंबर मोडली! सगळीकडे वाळू! चहात वाळू, अंथरुणात वाळू, मशीनच्या चाकात वाळू! काय करून ठेवलंस हे, धाकट्या?"

मामा खाली वाळूत बसला होता. पाय पसरून, मागे हात टेकून. मी त्याला गोदीत असा बसलेला कधी पाहिला नव्हता. तो वर बघत होता आणि हसत होता, अगदी दात दिसेपर्यंत. "अजून बोल," तो म्हणाला. "बोल अजून, ताई."

ती बोलत राहिली. खराटा मारत राहिली आणि बोलत राहिली. मधेच कधीतरी तिचा आवाज फाटला. तिने पदराने तोंड पुसलं आणि "डोळ्यात पण वाळू" असं म्हणून परत झाडायला लागली.

रंगारी परत आला तो त्यानंतर. तोच माणूस. हातात पांढऱ्या रंगाचा डबा. कचेरीने फुली काढायला पाठवला होता. त्याने ब्रश बुडवला आणि लाल फुलीवर एक चौकोन पांढरा केला. दारावर ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं.

ताईने ते पाहिलं. "झालं?"

"झालं, ताई. फुलीपुरतंच सांगितलंय."

"फुलीपुरतं!" ती पुढे आली. "माझ्या घरावर फुली मारताना ओघळ आले होते, आठवतंय? आता एवढं ठिगळ लावून जाणार? मी ताडपत्रीला सुद्धा असं ठिगळ लावत नाही. सगळं दार रंगव. आतून बाहेरून."

"रंग पुरायचा नाही, ताई."

मामा उठून आला. त्याने डब्यात डोकावून पाहिलं, डबा थोडा हलवला. आतला रंग हिंदकळला नाही, हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला.

"पाऊण आहे," मामा म्हणाला. "होतंय. चल, ब्रश दे इकडे."